ओळख कोण देणार?



पूर्वी आमच्या नाशिकच्या शाखेत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. मग जीव वाचवायला सीमेवर आलेल्या माणसाची ओळख कोण देणार?

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता बळकावली. चिन लोक तिआऊ नदी ओलांडून मिझोरामात आले. केंद्राने त्यांना रोखण्यास सांगितले. पण मिझो जनतेने 'हे आमचेच भाऊबंद' म्हणून घरे उघडली.

परंतु ज्याचे सीमेपलीकडे कोणी नाही, त्याचे काय? १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. काप्ताई धरणात जमिनी बुडालेले चकमा बौद्ध १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आले. पुढे अरुणाचलात त्यांना निघून जाण्याचे इशारे मिळाले. तेव्हा ९ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की त्यांच्या जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. आधार होता संविधानाच्या कलम २१ चा. तेथे शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे.

मित्रांनो, ज्याला नातेवाईक नाही, त्याची ओळख बाबासाहेबांच्या संविधानातील हा एक शब्द देतो. तो पाठ करा, आणि दारी आलेल्याला आधी पाणी द्या, गाव मग विचारा.

जयभीम!