मज्जारज्जूची इजा, व्यायाम आणि रक्तवाहिन्या : स्वागताध्यक्षीय भाषण

बसवकल्याण नगरीत भरलेल्या या परिषदेस बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांतून आलेले डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व परिचारिका, आणि विशेषेकरून व्हीलचेअरवरून प्रवासाचे कष्ट सोसून आलेले बंधुभगिनी व त्यांचे कुटुंबीय, या सर्वांचे स्वागतसमिती मनःपूर्वक स्वागत करते. ज्या कल्याणीत चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचून त्यात मल्लांच्या आहाराचा व व्यायामाचा विचार केला, आणि जेथे बसवेश्वरांनी कायकाला, म्हणजे प्रामाणिक श्रमाला, कैलासाची योग्यता दिली, तेथे पाय लुळे पडलेल्यांच्या व्यायामाचा विचार व्हावा हे उचितच आहे.

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर. झाडावरून वा बांधकामावरून पडून, अथवा महामार्गावरील अपघातात त्याला इजा झाली की इजेखालची हालचाल व संवेदना जाते, हे घरच्यांना लगेच कळते. रक्तवाहिन्यांचे जे होते ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. मांडीतील मुख्य धमनी पहिल्या काही आठवड्यांतच अरुंद होऊ लागते आणि तिचा व्यास सुमारे एक तृतीयांशाने घटतो, कारण काम थांबलेल्या स्नायूंना पूर्वीइतके रक्त लागत नाही. तरीही धमनीचे आतले अस्तर, जे रक्तप्रवाहाच्या घर्षणाने नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करून वाहिनी सैल करते, ते लुळ्या पायातही आपले काम विसरत नाही. (याच वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.)

म्हणूनच पायाच्या स्नायूंकडून पुन्हा काम करवून घेणे हा प्रश्नाचा गाभा ठरतो. त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य विद्युत्‌प्रवाहाने स्नायू आकुंचित करण्याच्या पद्धतीने, ज्यात रुग्ण स्वतःच्या पायांनी सायकलही चालवू शकतो, मांडीच्या धमनीचा व्यास व प्रवाह दोन आठवड्यांत वाढू लागल्याचे नेदरलँड्समधील निमेगेनच्या संशोधकांना आढळले. मात्र व्यायाम थांबताच ही कमाई आठवडाभरात ओसरली. शिवाय ज्यांच्या स्नायूंकडे जाणारे खालचे मज्जातंतूच तुटले आहेत, त्यांना या पद्धतीचा असा लाभ होत नाही, हे आधीच सांगणे वैद्यकाचे कर्तव्य आहे. आई वा पत्नी रोज मायेने पाय हलवून देते, त्याने सांधे आखडत नाहीत आणि ते चालूच ठेवले पाहिजे. परंतु स्नायू स्वतः काम करीत नसल्याने पायातील रक्तप्रवाह तेवढ्याने वाढत नाही.

हातांचा व्यायाम हृदयाला व हातांच्या वाहिन्यांना उपकारक आहे, पण पायांच्या धमन्यांपर्यंत त्याचा लाभ फारसा पोहोचत नाही. हृदयाच्या व चयापचयाच्या आरोग्यासाठी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने आठवड्यातून तीन वेळा प्रत्येकी ३० मिनिटे मध्यम ते जोरकस श्रम सुचवले आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक देऊन गेले. त्यांचे नाव या सभागृहात अभिमानाने घेतले पाहिजे.

या भागापुरती एक गोष्ट अधिक आग्रहाने सांगावयाची आहे. इजेखालच्या त्वचेला घाम येत नाही आणि तेथील वाहिन्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी पसरत नाहीत, त्यामुळे कलबुर्गीच्या वैशाखात दुपारचा व्यायाम धोक्याचा ठरतो. तो पहाटे, ओले फडके जवळ ठेवून करावा. छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांनी आधी लघवीची पिशवी व नळी तपासावी, कारण तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकाएकी भडकतो. डोके ठणकू लागले तर व्यायाम थांबवून रुग्णास ताठ बसवावे, कारण शोधावे आणि त्वरित डॉक्टरांना बोलवावे.

पुण्याजवळ खडकी येथे जखमी सैनिकांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. पण आठवडाभराच्या खंडाने वाहिनी पुन्हा आकसत असेल, तर हुमनाबाद वा आळंद तालुक्यातील शेतमजुराला दूरच्या शहरातील यंत्राचा उपयोग नाही. विद्युत्‌उत्तेजनाचे साधन आणि ते हाताळणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या रुग्णालयातच हवा, आणि ही मागणी परिषदेने शासनापुढे ठेवावी अशी स्वागतसमितीची विनंती आहे.