अडत्याही तोच, बाजारही त्याचाच

गूगलसारख्या अवाढव्य कंपन्यांचे विभाजन करावे काय, हा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांपुढे आला, म्हणून तो दूरचा मानू नका. ज्या वृत्तपत्राचा संसार जाहिरातींवर चालतो, त्याच्या घरात तो केव्हाच शिरला आहे.

कंपनी मोठी आहे एवढ्यावरून ती फोडा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु शेतकऱ्याचा अडत्या तोच, व्यापाऱ्याचा दलालही तोच आणि बाजाराचे आवारही त्याचेच, ही व्यवस्था कोणता शेतकरी मान्य करील? २००८ साली गूगलने 'डबलक्लिक' ही कंपनी ३१० कोटी डॉलरना घेतली आणि इंटरनेटवरील जाहिरातींच्या बाजारात नेमके हेच घडले. जागा विकणाऱ्या पत्रांची साधने तिची, जाहिरातदारांची साधने तिची, आणि क्षणार्धात होणारा लिलावही तिच्याच मांडवात! त्या लिलावाची दलाली शेकडा वीस. वर्षानुवर्षे ती उतरली नाही. का उतरावी? १७ एप्रिल २०२५ रोजी व्हर्जिनियातील न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी लिलाव व विक्रेत्यांची साधने यांतील ही मक्तेदारी बेकायदा ठरविली. जाहिरातदारांच्या बाजूचा आरोप मात्र त्यांनी मान्य केला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दंडाने हे सुधारेल, असे कित्येक भाबडे लोक म्हणतात. आपल्या स्पर्धा आयोगाने २०२२ साली अँड्रॉइडच्या प्रकरणी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपलेच शोधयंत्र प्रथम उघडावे म्हणून २०२१ या एका वर्षात जिने इतरांना २६३० कोटी डॉलर मोजले, तिला हा पानसुपारीचा खर्च!

स्टँडर्ड ऑइलचे १९११ साली ३४ तुकडे झाले, आणि रॉकफेलर त्यानंतर अधिकच श्रीमंत झाला, असे आक्षेपक बजावतात. होईना का! धनिकास दरिद्री करणे हा विभाजनाचा हेतूच नव्हे. उलट, न्यायाधीश अमित मेहता यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये शोधयंत्राच्या खटल्यात क्रोम विकावयास लावण्याचे नाकारले, ते आम्हांस गैर वाटत नाही. तेथे एकच माणूस दोन्ही पक्षांचा वकील नव्हता. लिलावाच्या बाबतीत तो आहे.

आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या २८ व्या कलमात विभाजनाचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे. मोठ्या पत्रांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. तालुक्याच्या पत्रांनी मागे का राहावे? आपापल्या जाहिरातींची खातेवही काखेत मारून त्यांनीही आयोगाचे दार ठोठावावे, आणि लिलावाचे आवार वेगळ्या हाती द्या, एवढेच मागावे.