नवं-जुनं
(युवा मेळाव्यातील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बँकिंगमधला तज्ज्ञ नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या बिनव्याजी पतसंस्थेने मला कर्जखात्यांचा एक प्रोग्राम लिहून मागितला. माझ्या अम्मीचं खातं तिथलंच. पिग्मीचे रोजचे वीस-वीस रुपये भरून तिने माझी पहिल्या वर्षाची फी जमवली होती. म्हणून मी फुकट करून दिला.

जुन्या नोंदी भरताना एक गोष्ट खटकली. काही कर्जं दर मार्चमध्ये पूर्ण फिटत होती आणि त्याच दिवशी त्याच माणसाला तेवढंच नवीन कर्ज मिळत होतं. नव्यातून जुनं वळतं करायचं! याला आपल्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. पैसा एक रुपयाही परत येत नाही, पण अहवालात थकबाकी दिसत नाही.

मी अशा खात्यांची यादी काढली. त्यात एका संचालकाचा भाऊ होता. आणि खाली माझे मामू होते. जामीनदार मीच! दर मार्चला मामू फॉर्म घेऊन यायचे, मी चहा पिता पिता सही करायचो. कधी विचारलं नाही की मागच्या कर्जाचं काय झालं.

आता हिशोब पाहा. संस्थेने शंभर जणांना दहा-दहा हजार दिले, म्हणजे दहा लाख. समजा सेवाशुल्क तीन टक्के, म्हणजे तीस हजार. त्यातच भाडं, पगार, वीज. पाच जणांनी पैसे बुडवले तर पन्नास हजार गेले. व्याज नसल्यामुळे हा खड्डा भरायला फारसं काही नसतं. तो वाढत गेला तर शेवटी भरला जातो अम्मीसारख्यांच्या ठेवीतून. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणजे व्याज नसलेल्या संस्थेत वसुली जास्त कडक हवी, ढिली नव्हे.

मी मामूंकडे गेलो. ते म्हणाले, “अरे, आपल्याच लोकांची संस्था आहे, सांभाळून घेतात.” मी म्हटलं, “मामू, अम्मी पण आपल्याच लोकांतली आहे ना?” त्यांनी उत्तर दिलं नाही.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा होती. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, नजर बिर्याणीच्या डेगीकडे. मी उभा राहिलो आणि सुरुवात माझ्याच नावापासून केली: “मी एका नवं-जुनं केलेल्या कर्जाचा जामीनदार आहे. उद्यापासून त्याचे हप्ते मी भरतो. बाकीची यादी संचालकांनी वाचून दाखवावी.” थोडा गोंधळ झाला. पण दुसऱ्याचं नाव आधी घेतलं असतं तर मला खाली बसवलं असतं.

ती यादी त्या दिवशी वाचली गेली नाही. मात्र पुढच्या वर्षीच्या अहवालात थकबाकीचा खरा आकडा छापला गेला. तो वाईट होता, पण खरा होता. मी चौदा हप्ते भरले. उरलेले मामूंनी स्वतः भरले. वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण अशा संस्थांचे सभासद असतील. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने तुम्हाला बरंच काही दिलं आहे. शेअर कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच. कलम ३२ प्रमाणे ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. आणि जामीनदारांनी हेही लक्षात ठेवा: १८७२च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर, तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहायला सांगितलं आहे, ते एकमेकांवर विश्वास नाही म्हणून नव्हे. विश्वास टिकावा म्हणून.

तेव्हा यंदाच्या सभेला जा. तीन प्रश्न विचारा: थकबाकी किती? संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे कर्ज किती? यंदा किती कर्जं नवं-जुनं केली? आणि जाण्याआधी, आपण कुठे कुठे सही करून बसलो आहोत, तेवढं बघून घ्या.