मुदत आणि कादंबरीचा सूर

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1840 सालची. तिथल्या शांततेत कादंबरी लिहायला बसलं, तरी मुदत जवळ आली की चित्त सैरभैर होतंच. शांतता हवीच, पण लेखक टिकतो तो निवेदकाचा आवाज पक्का धरल्यामुळे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः लिहिली. अंकाची वेळ कुणासाठी थांबत नसे. पण गोष्ट नायिका यमू स्वतः सांगते, त्यामुळे तिची बोलण्याची ढब सापडली की तुटलेला धागा पुन्हा हाती येणार. भालचंद्र नेमाड्यांनी 1963 मध्ये ‘कोसला’ अवघ्या काही आठवड्यांत लिहिली, तीही नायक पांडुरंग सांगवीकरच्या तोंडून.

घाईत पाल्हाळ वाढतो, हा आक्षेप खरा आहे आणि हरिभाऊंवर तो घेतलाही गेला. पण पाल्हाळ नंतर छाटता येतो, हरवलेला सूर मात्र दुरुस्तीत सापडत नाही. शिवाय ‘कोसला’मागे पंचविशीपर्यंतचं जगणं होतं. घाई फक्त कागदावर उतरवण्याची होती. म्हणून रोज बसल्यावर आधी कालचं शेवटचं पान मोठ्यानं वाचावं आणि त्याच आवाजात पुढचं वाक्य लिहावं.