साक्षात्काराचे बोलावणे

पांढुर्णा-सौंसर भागातील तरुणाला नोकरीच्या मुलाखतीचे पत्र येते, त्यावर बहुधा ‘साक्षात्कार’ असा शब्द असतो. मराठीत साक्षात्कार व्हावयाचा तो देवाचा. हिंदीत तो साहेबांचाही होतो! १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून येथील मुलांनी घरी मराठी बोलावे आणि मुलाखत बहुधा हिंदीत द्यावी, असे होऊन बसले आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी यात फरक पडलेला नाही.

हिंदी आपल्याला येतेच, हा विश्वास कधी कधी घात करतो. आधीची नोकरी का सोडली, असे विचारताच उमेदवार सांगतो, ‘मैंने राजीनामा दिया.’ हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. नोकरी सोडणे म्हणजे इस्तीफा. ‘अभ्यास’ म्हटले की त्यांना सराव वाटतो. असे दहावीस शब्द आधीच पारखून ठेवावेत. उच्चाराची लाज मात्र बाळगू नये. अर्जात मराठी ही अवगत भाषा म्हणून अवश्य लिहावी; ज्याचा व्यवहार नागपूरशी आहे, त्याला असा माणूस उपयोगीच पडतो.

पोशाख स्वच्छ असावा. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही.

पांढुर्णा हे नाव ऐकताच समोरून प्रश्न यावयाचा तो गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव येथील लोक एकमेकांवर दगड फेकतात, ही गोष्ट दूरवर ठाऊक आहे. येथे भल्याभल्यांची तारांबळ उडते. कोणी हसून टाळतो, कोणी परंपरेचे गोडवे गाऊ लागतो. माझ्या मते दोन्ही वाईट. प्रथा काय ती चार वाक्यांत सांगावी, माणसे जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत, हे लपवू नये, आणि आपले स्वतःचे मत काय ते बोलावे. परीक्षकाला गोटमारीशी फारसे कर्तव्य नसते. अवघड गोष्टीवर हा मनुष्य सरळ बोलतो की नाही, एवढेच तो पाहत असतो.

केंद्र सरकारने २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. वरिष्ठ पदांच्या चालूच आहेत. नागरी सेवा परीक्षेत एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात, आणि मुख्य परीक्षा मराठीत लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. अर्ज भरतानाच ती भाषा लिहून द्यावी लागते.