नौका हाकणाऱ्यांची शाळा

१९१२ साली अमेरिकेतील बोस्टन यॉट क्लबमध्ये मोटारनौकांचे मालक वाढले होते. यंत्र चालू करणे त्यांना जमे. होकायंत्र, सागरी नकाशा, भरती-ओहोटी यांची जाण मात्र बेताचीच. रॉजर अप्टन यांनी त्यांचे पथक बांधून कवायत व शिक्षण सुरू केले. १९१४ मध्ये त्यातूनच ‘युनायटेड स्टेट्स पॉवर स्क्वॉड्रन्स’ ही देशव्यापी संस्था उभी राहिली.

शिकविणारे सारे बिनपगारी. समोरासमोर आलेल्या यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे, हा नियमही ते घोटून घेत. साधा खरा, पण तो चुकला की माणसे बुडतात. खासगी नौकेसाठी परवान्याची सक्ती तेव्हा नव्हती; तरीही प्रौढ गृहस्थ विद्यार्थी होऊन बसत, याचे मला अधिक मोल वाटते. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण नौदलात दाखल झाले.