ओझं उचलणारं क्रियापद

'सरकारनं बँकेला बेल आउट केलं', असं आता आपण मराठीतही सहज बोलून जातो. हे इंग्रजी क्रियापद संकटातून सोडवण्याबद्दलचं आहे. पण प्रत्येक सुटकेला ते चालत नाही. म्हणून आज त्याची नीट ओळख करून घेऊया.

यामागे दोन जुने फ्रेंच शब्द आहेत. एकाचा अर्थ बादली. होडीत पाणी शिरलं की खलाशी ते उपसून बाहेर टाकतात, ते बेल आउट. दुसऱ्याचा अर्थ ताब्यात देणं. त्यातून कोर्टातली बेल, म्हणजे जामीन आला. जामीन भरून एखाद्याला कोठडीतून सोडवणं, तेही बेल आउट. या दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये एकाच ठिकाणी पोचतं. तिथे अर्थ आहे, ओझं वाहणारा.

हे ओझं लक्षात ठेवलं की वापर चुकत नाही. मूल विहिरीत पडलं आणि कोणी त्याला वाचवलं, तर 'रेस्क्यू' किंवा 'सेव्ह' म्हणा. पण तुमचा कर्जाचा हप्ता थकला आणि भावानं तो भरला, तर म्हणा, 'माय ब्रदर बेल्ड मी आउट'. इथे 'मी' मध्ये आला, हे ऐकलंत ना? सर्वनाम नेहमी मध्येच येतं. 'बेल्ड आउट मी' कधीच नाही. नाम असेल, तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालतं.

२००८ साली अमेरिकेतल्या मोठ्या वित्तसंस्था डळमळल्या, तेव्हा तिथल्या संसदेनं ७०० अब्ज डॉलर्सपर्यंतच्या मदतीचा कायदा केला. २०१० साली युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ग्रीसला ११० अब्ज युरोंचं कर्ज देऊ केलं. दोन्हींना वृत्तपत्रांनी 'बेलआउट' म्हटलं. चूक एकाची आणि भार करदात्यावर, ही नाराजीही त्या शब्दात होती. असं नाम म्हणून वापरताना जोर 'बेल'वर द्या आणि शब्द जोडून लिहा. क्रियापद असेल, तर शब्द तोडून लिहा.

आता दुसरी बाजू. विमान कोसळत असताना वैमानिक पॅराशूटनं उडी मारतो, त्यालाही बेल आउट म्हणतात. अशा उडीतून वाचलेल्यांसाठी १९२२ साली अमेरिकेत 'कॅटरपिलर क्लब' निघाला. कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. त्या काळी पॅराशूट रेशमाचं असे, म्हणून रेशमाच्या किड्याचं हे ऋण. उडीच्या या अर्थी ब्रिटनमध्ये बी-ए-एल-ई असंही स्पेलिंग दिसतं. तुमच्या मुलांनी ते वाचलं, तर चूक समजू नका.

इथे उडी मारणारा स्वतःच सुटतो; म्हणून वाक्यात कर्म नसतं. त्यातूनच बोलीत आणखी एक अर्थ आला. 'ही बेल्ड आउट ऑन अस', म्हणजे ऐन वेळी तो आपल्याला सोडून गेला. 'ऑन' हा एवढासा शब्द जोडला, की मदतीचा हात पाठ फिरवतो. कोणाचे आभार मानताना तो चुकूनही घालू नका.

तेव्हा वाक्य बोलण्याआधी मनाशी एवढंच विचारा: ओझं कोणी उचललं? दुसऱ्यानं उचललं असेल, तर ज्याची सुटका झाली त्याला वाक्यात जागा द्या. कोणीच उचललं नसेल आणि माणूस स्वतःच बाहेर पडला असेल, तर कर्माविना थांबा.